ओळ एकशे ऐंशी

पिन डाव्या कोपऱ्यात होती, पण तिची सावली उजव्या.

त्याने गठ्ठा जरा तिरका करून खिडकीच्या उजेडाकडे धरला. झेरॉक्सवर वरच्या उजव्या कोपऱ्यात एक राखाडी खूण उमटली होती, नखाएवढी, दोन्ही टोकं आत वळलेली. म्हणजे मूळ कागदांना पिन त्या कोपऱ्यात मारलेली होती, आणि प्रती काढणाऱ्याने ती उपटायचे कष्ट न घेता नुसती पानं उलटत प्रती काढल्या होत्या. उजव्या कोपऱ्यात पिन कोण मारतं? डावखुरी माणसं — तीही सगळी नाहीत. त्याच्या माहितीत असं एकच माणूस होतं, आणि ते माणूस जाऊन आठ महिने झाले होते.

"सगळ्यांना प्रती मिळाल्या?" मास्तरांनी विचारलं.

मास्तर म्हणजे समितीचे अध्यक्ष. पूर्वी गणित शिकवायचे म्हणून सगळे मास्तरच म्हणत. लांब टेबलाभोवती सात जण बसले होते, आणि मागे भिंतीला लागून सात मशीनं, एकमेकांशी भांडण झाल्यासारखी थोडी थोडी अंतर राखून. भाषा एकच. पण ज्याने ज्याने मशीन काढलं त्याने त्याने ती आपल्या सोयीने वाकवली, आणि दहा वर्षांत तिच्या सात बोली झाल्या. एका मशीनवर लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालेना. त्या सातांची मिळून एक प्रमाण भाषा करायची म्हणून ही समिती. दोन वर्षं झाली. चौतीस कलमांपैकी तेहतीस ठरली होती. राहिलं होतं ते तेरावं, आणि ते राहिलं होतं त्याच्यामुळे. समितीचा नियमच तसा होता, एक हात जरी खाली राहिला तरी कलम पडतं. पाच बैठकांत पाच वेळा सहा हात वर गेले होते आणि त्याचा टेबलावर राहिला होता.

आज तो राहिला तर कलमाबरोबर सगळा मसुदाच बारगळणार होता. मास्तरांनी तसं पत्रात कळवलं होतं, अगदी गोड भाषेत.

"या बारा चाचण्या," मास्तर म्हणाले, "समितीबाहेरून आल्यात. फक्त तेराव्या कलमाच्या. दुपारी नेहमीप्रमाणे प्रत्येकाने आपापल्या मशीनवर स्वतः टाइप करायच्या, मग मत."

"बाहेरून म्हणजे कुठून?" त्याने विचारलं.

"बाहेरून," मास्तर म्हणाले आणि पाण्याचा ग्लास उचलला.

त्याने पहिली चाचणी उघडली. शंभर, एकशे वीस, एकशे चाळीस… या भाषेत प्रत्येक ओळीला आकडा द्यावा लागे, आणि सगळं जग दहा-दहाने आकडे देई. ती वीस-वीसने देई. "दहात मावत नाही माझं," ती म्हणायची, "नंतर सुचलेलं कुठे घालू?" आणि मोजायला ती 'के' हे अक्षर घ्यायची, कारण 'आय' आणि एकचा आकडा त्यांच्या प्रिंटरवर जुळ्या भावांसारखे दिसत. इथे के होता. सगळीकडे के. आणि प्रत्येक अक्षराच्या पोटातून एक बारीक पांढरी रेघ गेलेली — प्रिंटरच्या डोक्यातली एक सुई मोडली की अशी जाते, आणि कोणत्या प्रिंटरची मोडली आहे हे त्याला दुसऱ्याने सांगायला नको होतं. तो प्रिंटर त्याच्या घरी, खिडकीशी, तिच्या टेबलावर होता. वर फडकं घातलेला.

मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. हे कागद इथे आले कसे?

तिचा खण त्याने अजून उघडला नव्हता. किल्ली कपाटात होती, होती ना? ती गेल्यावर भेटायला आले तेव्हा मास्तर तिच्या टेबलाशी बराच वेळ उभे होते. तो पाणी आणायला आत गेला होता. किती वेळ? दोन मिनिटं? ग्लास सापडत नव्हते, कुठे काय असतं ते तिलाच ठाऊक, म्हणजे तीन-चार मिनिटं तरी. चार मिनिटांत खण उघडून कागद हातोहात लांबवता येतात. साठीचा, संधिवाताचा माणूस, पण लांबवायचेच म्हटले तर… आणि समोर बसलेला टायवाला, मोठ्या कंपनीचा माणूस, ज्याची बोली या कलमात जशीच्या तशी उचलली होती, तो आज इतका खुशीत का? तो सकाळपासून दोनदा स्वतःहून हसला होता. दोन वर्षांत तो पगाराच्या दिवशीसुद्धा हसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

कुठेतरी पाणी मुरतंय. मला कळत नाही असं यांना वाटतंय.

तेरावं कलम लूपचं होतं. लूप म्हणजे तेच काम मोजून पुन्हा पुन्हा कर असं मशीनला सांगणं — दहा वेळा छाप, पाच वेळा छाप. प्रश्न एवढाच, की शून्य वेळा सांगितलं तर? टायवाल्याची बोली अगोदर आकडा बघते. शून्य दिसला की काम न करता पुढे जाते. त्याची बोली अगोदर काम करते आणि मग आकडा बघते. त्यामुळे शून्य सांगितलं तरी एकदा होतंच.

हे चुकून झालेलं नव्हतं. त्याने ते मुद्दाम केलं होतं, बारा वर्षांपूर्वी, जेवणाच्या टेबलावर, ताटं एका बाजूला सारून. मशीन एवढंसं, त्यात सगळी मिळून चार हजार बाइटची जागा, आणि बोली काही केल्या त्यात मावेना. अगोदर आकडा बघायचा तर, शून्य निघाल्यावर लूपचा शेवट कुठे आहे तो पुढे जाऊन शोधायचा, मधली लूप ओलांडायची, हे सगळं मशीनला शिकवावं लागतं. शेहेचाळीस बाइट. त्याने ते वाचवले, आणि बोली मावली. त्या रात्री… नाही, पहाट झाली होती, ती ताटं विसळत म्हणाली होती, "पण कुणी शून्य सांगितलं तर?"

"शून्य वेळा करायचं असेल तर लूप कोण कशाला लिहील?" तो म्हणाला होता.

तिने नळ बंद केला होता. काही म्हणाली नव्हती. की म्हणाली होती?

ती बोली मग शाळांत गेली, वाचनालयांत गेली, दवाखान्यांत गेली. सगळे म्हणत, दोघांनी मिळून केली. तो पाच बैठकांत हात खाली ठेवत होता तो याच्यासाठी. यांना काय, यांच्या पाठीशी कंपन्या आहेत. आमच्या पाठीशी ती होती, आणि आता ती बोलीच तेवढी उरली आहे. तीही यांना हवी.

चहाच्या वेळी त्याने मास्तरांना जिन्याशी गाठलं.

"कागद कुणाचे आहेत, मास्तर?"

"नाव देऊ नये अशी विनंती आहे."

"कुणाची विनंती?"

"अहो, ते सांगितलं तर नाव दिल्यासारखंच नाही का?" मास्तर हसले. मग त्याच्याकडे पाहून हसू आवरतं घेत म्हणाले, "तुमची तब्येत बरी आहे ना? जेवताय ना वेळेवर?"

हा प्रश्न त्याला आवडला नाही. माणसं तब्येत विचारतात ती दोन कारणांनी, आणि त्यातलं दुसरं कारण विषय बदलणं हे असतं. मागून टायवाला आला, कपात चमचा फिरवत.

"काय, आज तरी हात वर?"

"बघू."

"बघू काय! नाही तरी तुमच्या बोलीचं कठीणच आहे. आमच्यात नको म्हटलं की नको. तुमच्यात नको म्हटलं तरी एक वाढताच."

मास्तरांना हसू आवरलं नाही. तोही थोडा हसला, न हसणं संशयास्पद दिसलं असतं म्हणून. पण मनात त्याने नोंद केली, हे दोघं एकाच वेळी हसले. एकमेकांकडे न बघता. बघायची गरज पडत नाही अशी त्यांची ओळख केव्हापासून?

जेवणाच्या सुट्टीत तो जेवला नाही. व्हरांड्याच्या टोकाला टेलिफोन होता, भिंतीला टांगलेला, वर कुणीतरी पेन्सिलीने गुणाकार केलेले. त्याने धाकटीला फोन लावला. धाकटी म्हणजे त्याची मेहुणी. बहिणीच्या शेवटच्या वर्षात ती अर्धाअधिक वेळ त्यांच्याकडेच होती. तिच्याकडे घराची दुसरी किल्ली होती. हे त्याला आत्ता, नंबर फिरवता फिरवता आठवलं, आणि लगेच वाटलं, हे सकाळीच कसं सुचलं नाही?

"भावोजी? आत्ता कसा फोन? बैठक आहे ना आज?"

"तुला कसं माहीत, आज बैठक आहे?"

तिकडून चमचा ठेवल्याचा आवाज आला.

"धाकटे, मी एक विचारतो, सरळ सांग. तिचे कागद तू कुणाला दिलेस?"

"दिले नाहीत. पोस्टात टाकले."

त्याने भिंतीवरचा गुणाकार वाचला. चुकलेला होता; हातचा धरायचा राहिला होता.

"केव्हा?"

"ती मधे चार दिवस दवाखान्यातून घरी आली होती ना, तेव्हा. तुम्ही बैठकीला गेला होतात. दोन दिवस नुसती टाइप करत बसली होती. मी म्हटलं, अगं पाठ टेक जरा, तर मलाच ओरडली. मग पाकीट बंद करून दिलं, म्हणाली, रजिस्टर करून टाक, आणि भावोजींचं मत होईपर्यंत बोलू नकोस. मी कुठे बोलले? आठ महिने तोंडाला कुलूप लावून बसलेय. तुम्हीच विचारलंत."

"माझ्यापासून लपवून."

"लपवून काय… तुम्हाला सांगून उपयोग नव्हता म्हणे. बारा वर्षांपूर्वी एकदा सांगून झालंय, म्हणाली."

तो परतला होता तेव्हा प्रिंटरखालच्या खोक्यातला कागद चार बोटं खाली गेला होता. हे त्याला दिसलं होतं. त्याने विचारलंही होतं. जुनी पत्रं छापली, असं ती म्हणाली होती, आणि तो स्वयंपाकघरात जाऊन उगाचच दूध तापवत उभा राहिला होता, कारण जुनी पत्रं कोणाची, हे विचारायचं धाडस झालं नव्हतं. म्हणजे पत्रं नव्हतीच. चाचण्या होत्या, आणि मास्तरांसाठी होत्या. नवऱ्याला सांगण्यासारखं नव्हतं ते तिने एका संधिवाताच्या माणसाला रजिस्टर पोस्टाने सांगितलं. प्रेमपत्रं असती तर एक वेळ समजून घेता आलं असतं. माणूस निदान भांडतो. पण हे… माझ्या विरुद्ध बारा चाचण्या, वीस-वीसच्या ओळींनी.

"भावोजी, ऐकताय ना?"

"ऐकतोय. अचानक काय सुचलं तिला? बारा वर्षं गप्प होती."

"ते मला नाही माहीत. वॉर्डातून आली ती तेच डोक्यात घेऊन. त्याच आठवड्यात तिचं ते औषध एक दिवस बंद ठेवलं होतं ना, रक्त तपासायचं म्हणून, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मला वही दे, पेन दे, सुरू होतं."

"औषध बंद ठेवलं होतं?"

"एकच दिवस. तुम्हाला सांगितलं असेल की. मोठ्या डॉक्टरांनीच लिहिलं होतं, आज नाही म्हणून. जेवलात का तुम्ही?"

सगळे आज त्याच्या जेवणाच्या मागे लागले होते.

दुपारी खुर्च्या मागे सरकवून सगळे मशीनांशी गेले. या समितीची ही पद्धत होती. दुसऱ्याच्या मशीनला कुणी हात लावायचा नाही, आणि आपल्या मशीनवर चाचणी टाइप करायची ती स्वतः, इतर सहा जण पाठीशी उभे राहून बघत असताना. सुरुवातीला एकमेकांवर विश्वास नव्हता म्हणून सुरू झालेली पद्धत. नंतर विश्वास बसला तरी मोडली नाही, किंवा बसलाच नव्हता म्हणून.

त्याचा नंबर शेवटी आला. तोवर तो इतरांच्या पाठीशी उभा होता, पण पडद्यांकडे नव्हे, मास्तरांच्या आणि टायवाल्याच्या तोंडाकडे बघत. पहिल्या आठ चाचण्यांत त्याचं मशीन आठ वेळा नापास झालं. प्रत्येक वेळी शून्याच्या जागी एक. त्याला त्याचं काही वाटलं नाही, ते ठाऊकच होतं. त्याची बोटं तिच्या ओळी टाइप करत होती आणि डोकं मास्तरांच्या श्वासाकडे होतं, जो त्याच्या उजव्या कानामागे चालला होता. पाकीट किती दिवस यांच्याकडे होतं? आठ महिने. मध्ये एक बैठक होऊन गेली, पाचवी… नाही, पाचवी तेव्हाच, ती घरी होती तेव्हाच. म्हणजे मी इथे या टेबलाशी हात खाली ठेवून बसलो होतो त्याच दिवशी ती तिकडे टाइप करत होती. आणि परत आल्यावर मी तिला फुशारकीने सांगितलं, आजही नाही वाकलो. ती म्हणाली होती, "दमला असशील."

नववी चाचणी. शंभर. एकशे वीस. ही इतरांसारखी नव्हती. इतर नुसते आकडे छापत होत्या, हिच्यात शब्द होते. औषधाच्या मात्रांची लेबलं छापायची होती. रुग्णाच्या दिवसभरात जितक्या मात्रा, तितकी लेबलं, म्हणजे नर्सने ती बाटल्यांना चिकटवायची. एकशे चाळीसला माहिती होती.

खाट अकरा. मात्रा शून्य.

त्याने ते टाइप केलं. मग हात मशीनवरच राहिले.

वॉर्डात खाटांच्या दोन लांब रांगा होत्या, आणि खाट अकरा ही दुसऱ्या रांगेतली, खिडकीपासून एक सोडून. नर्सच्या टेबलावर त्याच्याच बोलीचं मशीन होतं. भेटायला गेला की तो आधी त्या मशीनकडे बघायचा आणि मग तिच्याकडे, हे तिच्या लक्षात आलं होतं आणि ती त्यावरून त्याला चिडवायची. "सवतीला भेटून आलास?" एक दिवस तो गेला तर तिच्या डाव्या हाताच्या पाठीवर एक लेबल चिकटवलेलं होतं. सुई नव्हती, बाटली नव्हती, नुसतं लेबल. ती म्हणाली, "बघ. आपल्या मशीनने छापलंय. आज सकाळचं." आणि हात पुढे केला.

त्याने तिचा हात हातात घेऊन ते वाचलं होतं. खाट अकरा, मात्रा एक. आणि तो म्हणाला होता…

"अडलं का काही?" मागून टायवाल्याने विचारलं.

"नाही."

…तो म्हणाला होता, "अक्षरं किती स्वच्छ आलीत."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली होती. बराच वेळ, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं. तेव्हा वाटलं, थकली आहे. मग ती म्हणाली, "हो. अक्षरं स्वच्छ आहेत," आणि हात पांघरुणाखाली घेतला.

औषध त्या दिवशी बंद होतं. मोठ्या डॉक्टरांनी शून्य लिहिलं होतं, आणि मशीनने अगोदर काम केलं आणि मग आकडा बघितला, बारा वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर सांगितल्याप्रमाणे. लेबल तिच्या हातावर होतं, म्हणजे ते बाटलीवर नव्हतं. म्हणजे नर्सच्या वेळीच लक्षात आलं, किंवा तिच्याच लक्षात आलं, तिने नर्सला म्हटलं, बाई, आज माझं बंद आहे ना? आणि लेबल मागून घेतलं. तिने तसंच केलं असणार. आकड्याच्या बाबतीत तिला कुणी फसवू शकत नसे. किंवा बाटली लावून झाली, संपली, आणि रिकाम्या बाटलीवरून मग तिने ते सोलून घेतलं. सकाळचं, असं म्हणाली ती. मी गेलो तेव्हा चार वाजले होते. सकाळपासून चारपर्यंत एक बाटली संपते. संपते का? सोलून काढलेल्या लेबलाचे कोपरे वळतात. वळलेले होते का? मी अक्षरं बघत होतो.

त्यानंतर सतरा दिवस. चार घरी, तेरा पुन्हा खाट अकराला. एका बाटलीने काही होत नाही. डॉक्टर म्हणतील, काही होत नाही. विचारलं तर म्हणतील. डॉक्टर काय म्हणतील यावर आता त्याचा विश्वास बसेल का, हा निराळा प्रश्न.

त्याने पुढच्या ओळी टाइप केल्या. एकशे साठ. दोनशे.

हात थांबले. एकशे साठनंतर दोनशे?

ती वीस-वीसने जायची. चाळीसची उडी तिने आयुष्यात मारली नव्हती. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. दोन ओळींच्या मध्ये नुसतंच कोरं नव्हतं. तिथे एक अगदी फिकी, सरळ रेघ होती, आडवी, आणि तिच्याखाली बोटभर अंतरावर दुसरी. पट्टीची कड. प्रत काढताना कुणीतरी तिथे पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवली होती.

"मास्तर," तो मागे न वळता म्हणाला, "एकशे ऐंशी कुठे आहे?"

पाठीमागचा श्वास थांबला.

"टीप होती ती," मास्तर म्हणाले. "टिपा आपण झाकतो. तुम्हीच केलेला नियम आहे, दुसऱ्या बैठकीत. चाचणी बघून ठरवायचं, शेरा बघून नाही."

टीप म्हणजे माणसासाठी लिहिलेली ओळ. मशीन ती वाचत नाही, ओलांडून जातं.

"काय होतं टिपेत?"

मास्तर टेबलाकडे गेले, बॅग उघडली आणि एक तपकिरी पाकीट काढून त्याच्या मशीनशेजारी ठेवलं. वरून फाडलेल्या तोंडातून कागदांचा उजवा कोपरा दिसत होता, आणि त्यात पिन. सावली नव्हे, पिन. थोडी गंजलेली.

"सोबत चिठ्ठी होती," मास्तर हळू म्हणाले. "मत झाल्यावर त्यांना दाखवा, मत काहीही असो, असं लिहिलं होतं. म्हणून इतके दिवस गप्प बसलो. मला काही ते बरं वाटत नव्हतं. पण कागद तुमच्या घरचा आहे. तुम्ही म्हणाल तर आत्ता बघा. मत अगोदर की ओळ अगोदर, तुम्ही सांगा."

टायवाला खिडकीशी जाऊन उभा राहिला होता. पण त्याच्याविषयी विचार करायला आता सवड नव्हती. सकाळपासून एकेकाला धरून आणलं होतं — मास्तर, हा, धाकटी, शेवटी तीसुद्धा. एकेक जण सुटून गेला होता. खोलीत आता संशय घ्यायला एकच माणूस उरला होता आणि तो मशीनपुढे बसला होता.

मत अगोदर. अगोदर करा, मग बघा. ही तर त्याचीच पद्धत, त्याच्या बोलीची. तिची नव्हे. ती दूध घेताना पिशवीवरची तारीख वाचायची, जिना उतरताना पायऱ्या मोजायची. मग या एकाच ठिकाणी तिने त्याची पद्धत का मागितली? त्याने ओळ वाचून, घाबरून, तिच्यासाठी हात वर करू नये म्हणून? की ही तेरावी चाचणी होती, कागदावर न छापलेली, आणि बघणारं कुणी नसताना तो काय करतो हे तिला… पण ती बघणार नव्हती. हे तिला माहीत होतं. टाइप करतानाच माहीत होतं.

ओळीत काय असेल? बाटली लावली नव्हती, काळजी करू नकोस, असं असेल. नेमकं असंच लिहिलं असतं तर ते खरं असेल का? ती खोटं बोलायची नाही. जुनी पत्रं छापली, असं मात्र म्हणाली होती.

सकाळपासून त्याला वाटत होतं, तिने माझ्यापासून काहीतरी लपवलं. आता ती भीती कुठे दिसेना, आणि गेली याचं बरंही वाटेना. तिने लपवलं नव्हतं. हात पुढे केला होता, उताणा नाही, पालथा, वाचता यावं म्हणून.

प्रोग्रॅम पूर्ण झाला होता. फक्त चालवायचा राहिला होता. नियमाप्रमाणे त्याला तो चालवणं भाग होतं, निकाल सगळ्यांना ठाऊक असला तरी. त्याने कळ दाबली. प्रिंटरने घसा खाकरल्यासारखा आवाज केला, एकदाच पुढे-मागे झाला, आणि लेबलाची पट्टी बाहेर आली.

"मत?" मास्तरांनी विचारलं, उरलेल्या तीन चाचण्यांचा विषय न काढता. नेहमीच्या आवाजात नाही. खाटेशी बसून विचारतात तसं.

त्याने पट्टी फाडली. ती तळहातावर घेतली, मग हात उलटा करून पाठीवर ठेवून बघितली. चिकटत नव्हती, हा साधा कागद होता. अंगठ्याने ती दाबून धरावी लागत होती, आणि अंगठा काढला की पडणार होती, म्हणून तो काढत नव्हता. पाकीट डाव्या हाताला होतं. सहा जण थांबले होते.

खाट अकरा. मात्रा एक.

अक्षरं स्वच्छ होती.